ठेव आणि तिचे राखणदार : कॅथोलिक चर्चची परंपरा व शिकवणुकीचा अधिकार

जळगाव जिल्ह्याच्या फैजपूर-सावदा परिसरातील वाचकाला परंपरा आणि अधिकार यांचे नाते फारसे अनोळखी नाही. कारण सतपंथाची गादी आणि महानुभावांचे मठ-आश्रम यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या समाजाने गुरूचा उपदेश एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा सोपवला जातो, हे जवळून पाहिलेले आहे. गादीवर बसणारी व्यक्ती बदलते, परंतु गादीचा मान त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मतांमुळे नव्हे, तर तिच्याकडे सोपवलेल्या उपदेशामुळे असतो, ही जाणही येथे जुनी आहे. याच जाणिवेच्या आधारे कॅथोलिक चर्चमधील एक मूलभूत आणि पुष्कळदा गैरसमजाने झाकोळलेला विचार समजून घेता येतो, आणि तो म्हणजे चर्चला शिकवण्याचा अधिकार कोठून मिळतो, तो कोठपर्यंत चालतो आणि परंपरेपुढे त्याला मान का तुकवावी लागते.

चर्चच्या रचनेत जळगाव जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालील प्रदेश. पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन १९८७ साली नाशिकचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि जेसुइट संघाचे थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. खानदेशात मात्र ख्रिस्ती धर्माची ओळख बहुतांशी प्रॉटेस्टंट मिशनांमुळे झाली. पूर्व खानदेशात भुसावळ, जळगाव व चाळीसगाव या भागांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आणि पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी काम केले. त्यामुळे ख्रिस्ती म्हणजे बायबल प्रमाण मानणारा आणि बायबलबाहेरचे काहीही प्रमाण न मानणारा, अशी समजूत येथे सहज रुजली. कॅथोलिक भूमिका या समजुतीपासून जेथे वेगळी होते, तेथूनच या विषयाला प्रारंभ होतो.

ग्रंथाआधीची परंपरा

कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. जुन्या करारातील तोबित, यहुदीथ, मक्काबी यांसारखी सात पुस्तके हा त्यांतील फरक आहे. दोन शेजारी कुटुंबांतील दोन बायबले पुढ्यात ठेवून अनुक्रमणिका ताडून पाहिल्या, तर हा फरक तत्काळ डोळ्यांत भरतो आणि त्याबरोबर एक साधा प्रश्न उभा राहतो : पवित्र ग्रंथात कोणती पुस्तके असावीत, हे कोणी ठरवले? ग्रंथ स्वतःच्या अनुक्रमणिकेची साक्ष देत नाही. ती यादी चर्चने आपल्या उपासनेत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांवरून निश्चित केली, ३९३ साली हिप्पो येथे आणि ३९७ साली कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभांनी ती नोंदवली आणि ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी तिच्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले. म्हणजे बायबलवर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण, त्याच्या लक्षात येवो वा न येवो, ती पुस्तके ओळखणाऱ्या आणि जपणाऱ्या परंपरेवरही विश्वास ठेवत असतो, असे कॅथोलिक विचार सांगतो.

येशू ख्रिस्ताने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याने बारा प्रेषित निवडले, त्यांना शिकवले आणि शिकवण्यासाठी पाठवले. शुभवर्तमाने त्यानंतर काही दशकांनी लिहिली गेली आणि ती लिहिली जाण्यापूर्वीही चर्च प्रार्थना करीत होते, स्नानसंस्कार देत होते, भाकर मोडीत होते. थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिताना संत पौलाने तोंडी शिकवलेल्या आणि पत्राने कळवलेल्या अशा दोन्ही परंपरा घट्ट धरून ठेवण्यास सांगितले आहे. मराठी वाचकाला या क्रमाचे नवल वाटण्याचे कारण नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी लीळाचरित्र लिहिले नाही. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या पारखून घेतल्या आणि तेव्हा कोठे मराठीतील तो आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. दोन्ही धर्मविचारांचे सिद्धान्त पूर्णपणे वेगळे आहेत आणि ही तुलना केवळ क्रम समजण्यापुरती आहे. परंतु आधी उपदेश, मग साक्षीदारांची स्मृती, मग आचार्यांची पारख आणि शेवटी ग्रंथ, हा क्रम दोहोंकडे सारखाच दिसतो.

परंपरा या अर्थाचा लॅटिन शब्द ‘त्रादितिओ’ हा असून त्याचा मूळ अर्थ ‘हाती सोपवणे’ असा आहे. ‘संप्रदाय’ हा शब्दही ‘नीट रीतीने देणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. जे सोपवले जाते त्याला चर्चच्या भाषेत ‘श्रद्धेची ठेव’ म्हणतात, आणि ठेव या शब्दात मराठी माणसाला जे जे ऐकू येते ते सर्व येथे अभिप्रेत आहे : ठेव दुसऱ्याची असते, ती मोडायची नसते, तिच्यात भेसळ करायची नसते आणि मागणाऱ्याला ती पूर्णपणे परत करायची असते. चर्चच्या दृष्टीने ही ठेव शेवटच्या प्रेषिताच्या मृत्यूबरोबर पूर्ण झाली असून तिच्यात आता नव्या प्रकटीकरणाची भर पडणार नाही.

अधिकाराच्या पायऱ्या

ठेव राखायची तर राखणदार लागतो. प्रेषितांनी आपल्यामागे बिशप नेमले, त्या बिशपांनी आपले उत्तराधिकारी नेमले, आणि डोक्यावर हात ठेवून दिल्या जाणाऱ्या या दीक्षेच्या अखंड साखळीला प्रेषितीय वारसा म्हणतात. इसवी सन १८० च्या सुमारास संत आयरेनियस यांनी खोट्या शिकवणुकींना उत्तर देताना रोमच्या बिशपांची संत पेत्रापासूनची यादीच पुढे ठेवली. जे गुप्त ज्ञानाचा दावा करतात त्यांनी ते कोणाकडून मिळवले हे दाखवावे, चर्च मात्र आपली शिकवण कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली हे उघडपणे दाखवू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. बिशप आणि त्यांचे प्रमुख असलेले रोमचे बिशप, म्हणजे पोप, यांच्याकडे असलेल्या या शिकवण्याच्या अधिकाराला ‘मॅजिस्टेरियम’ असे नाव आहे. ‘मागिस्तेर’ म्हणजे गुरू; तेव्हा मॅजिस्टेरियम म्हणजे गुरुपदाचा अधिकार, असे मराठीत म्हणता येईल.

पोप जे जे बोलतील ते ते कॅथोलिकांना बिनचूक मानावे लागते, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. या अधिकाराला पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर श्रद्धासत्ये येतात, म्हणजे ईश्वराने प्रकट केलेली म्हणून चर्चने निश्चितपणे जाहीर केलेली तत्त्वे. ती विश्वपरिषदेने घोषित केलेली असोत, पोपनी आपल्या सर्वोच्च पदावरून घोषित केलेली असोत किंवा जगभरच्या बिशपांनी पोपसह एकमुखाने निर्णायक म्हणून शिकवलेली असोत, श्रद्धावंताला ती पूर्ण श्रद्धेने स्वीकारावी लागतात. त्याखाली ठेवीशी अतूट जोडलेल्या आणि म्हणून अंतिम ठरलेल्या शिकवणुकी आहेत. त्याखाली पोप व बिशप यांची नित्याची शिकवण येते. तिला मनापासून आदर व अनुमोदन द्यायचे असते, पण ती अंतिम निर्णयाच्या स्वरूपाची नसते. या सर्वांहून वेगळे असे शिस्तीचे नियम आहेत आणि ते काळानुसार बदलतात. पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे, १९५७ साली तो तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आला. मात्र त्या भाकरीच्या रूपात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, ही श्रद्धा तसूभरही हलली नाही.

पोपच्या अस्खलनशीलतेचे, म्हणजे श्रद्धा व नीती यांविषयी अंतिम निर्णय देताना ईश्वरी साहाय्याने चुकीपासून सुरक्षित राहण्याचे तत्त्व पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी घोषित केले. त्याच घोषणेत एक मर्यादाही स्पष्टपणे नोंदलेली आहे आणि परंपरानिष्ठ कॅथोलिकांना ती अतिशय मोलाची वाटते : पेत्राच्या उत्तराधिकाऱ्यांना पवित्र आत्म्याचे वचन मिळाले ते नवी शिकवण प्रकट करण्यासाठी नव्हे, तर प्रेषितांकडून आलेली ठेव पवित्रपणे राखण्यासाठी व प्रामाणिकपणे उलगडण्यासाठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात हेच वेगळ्या शब्दांत मांडले की, शिकवणुकीचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही ७ मे २००५ रोजी रोमच्या बिशपपदाचे आसन ग्रहण करताना, पोप हा आपल्या मर्जीलाच कायदा करणारा अनियंत्रित सत्ताधीश नसतो, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

वाढ आणि बदल

ठेवीत भर पडत नाही, तर मग नवी श्रद्धासत्ये कशी जाहीर होतात, हा प्रश्न येथे साहजिक आहे. पाचव्या शतकातील लेरँसचे संत व्हिन्सेंट यांनी इसवी सन ४३४ च्या सुमारास त्याला दिलेले उत्तर आजही आधारभूत मानले जाते. सर्वत्र, सर्वकाळ आणि सर्वांनी मानलेले तेच धरून राहावे, हा त्यांचा निकष होता. परंतु बालकाचे शरीर वाढून प्रौढ होते तेव्हा अवयव वाढतात, पण माणूस तोच राहतो, तशी शिकवणही वाढते, हेही त्यांनी सांगितले. इंग्लंडचे संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेऊन खरी वाढ आणि विकृती यांतील भेद ओळखण्याच्या खुणा मांडल्या. केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा वाढून घड देतो आणि तो केळीचाच असतो. खानदेशातील शेतकऱ्याला वाढ व बदल यांतील हा भेद अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे श्रद्धासत्य. मरियेला देह व आत्म्यासह स्वर्गीय वैभवात घेण्यात आले, हे पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषित केले. पण त्यांनी ते तेव्हा नव्याने निर्माण केले नाही. त्याचा सण पूर्वेकडील व पश्चिमेकडील चर्चमध्ये कित्येक शतके साजरा होत आला होता, आणि घोषणेच्या चार वर्षे आधी, १९४६ साली, पोपनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहून त्यांची व त्यांच्या लोकांची श्रद्धा काय आहे हे विचारून घेतले होते. हा सण १५ ऑगस्टला येत असल्यामुळे वसईच्या धर्मग्रामांत त्या दिवशी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, आणि ध्वजवंदन एकाच सकाळी होतात. त्या उपासनेला आलेल्या वृद्धेला १९५० च्या घोषणेचे शब्द कदाचित ठाऊक नसतील, परंतु तिच्या आजीच्या आजीने राखलेल्या सणातच त्या घोषणेचा आधार होता.

मराठी ओव्यांतील ठेव

ठेव तीच ठेवून तिचे भांडे कसे बदलता येते, याचे मराठीतील सर्वांत उज्ज्वल उदाहरण म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेसुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, साष्टी प्रांतात राहून त्यांनी येथील भाषा आत्मसात केल्या, आणि पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला आपल्या श्रद्धेचे पुराण हवे, ही गरज ओळखून सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचला. तो १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला, १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाला, आणि १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्दान्हा यांनी हस्तलिखितांच्या आधारे त्याची आवृत्ती काढली.

या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलेले आढळते, पित्याला ‘देवबाप’ म्हटलेले आढळते, आणि ओवीची चाल ऐकताना मराठी कानाला कोठेही परकेपणा जाणवत नाही. मात्र एक देव तीन व्यक्ती, ख्रिस्ताचे मानवी देह धारण करणे, त्याचे मरण व पुनरुत्थान यांविषयीची शिकवण चर्च जशी शिकवत आले तशीच तेथे आहे. धर्मन्यायालय आणि स्थानिक धर्माध्यक्ष यांच्या परवानगीने ग्रंथ छापल्याची नोंद त्याच्यासोबत उतरत आली आहे. आजच्या वाचकाला ही परवानगी केवळ बंधन वाटेल. परंतु परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर त्या नोंदीचा अर्थ असा की, मराठी ओव्यांत उतरलेली ही शिकवण रोम, लिस्बन आणि गोवा यांची एकच शिकवण आहे, याची हमी राखणदाराने दिलेली होती. स्टीफन्स यांना शब्द निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले ते आशयाशी ते एकनिष्ठ होते म्हणून.

राखणदार चुकतात तेव्हा

राखणदार हे माणूसच असतात आणि त्यांच्या चुका झाकून परंपरेचा गौरव होत नाही. ज्या गोव्यात क्रिस्तपुराण छापले गेले, तेथेच १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. तो राजसत्तेचा हुकूम होता, श्रद्धेची शिकवण नव्हती. तरी चर्चमधील ज्यांनी त्याला साथ दिली त्यांनी आपल्याच पूर्वसूरींच्या कार्याचे नुकसान केले, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मुंबईतील ‘दुहेरी अधिकारक्षेत्रा’चा वाद तर दीडशे वर्षांहून अधिक चालला. पोर्तुगालच्या राजाला आशियातील चर्चच्या नेमणुका करण्याचा जो हक्क पोपनी दिला होता त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत, तर १६२२ साली पोपनी धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या रोममधील खात्याला ‘प्रोपागांदा’ म्हणत. १७२० साली इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज धर्मगुरूंना घालवून प्रोपागांदाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंना जागा दिली, आणि १७९४ साली शहरातील धर्मग्रामे दोन पक्षांत वाटली गेली. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून असा संघर्ष पेटला की बिशप अनास्तासियस हार्टमन स्वतः चर्चमध्ये कोंडून घेऊन राहिले. १८८६ चा करार, १९२८ चा करार आणि शेवटी १९५० साली पाद्रोआदोच्या हक्कांची समाप्ती, अशा टप्प्यांनी हे प्रकरण मिटले आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

या दीर्घ भांडणातून एक महत्त्वाची गोष्ट मात्र निर्विवादपणे दिसते. वाद होता तो कारभाराचा, म्हणजे किल्ल्या कोणाकडे असाव्यात आणि नेमणूक कोणी करावी याचा. दोन्ही बाजूंच्या चर्चमध्ये म्हटला जाणारा श्रद्धेचा अंगीकार, केली जाणारी मिस्सा आणि मुलांना शिकवले जाणारे धर्मशिक्षण एकच होते. शासनाच्या अधिकारावरून माणसे भांडली, परंतु शिकवणुकीची ठेव दुभंगली नाही. ती ठेव केवळ बिशपांच्या हाती असते असेही नाही. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, तरी वसईचा ख्रिस्ती समाज मोजक्या स्थानिक धर्मगुरूंच्या आणि घराघरांतल्या प्रार्थनांच्या आधाराने टिकला. चौथ्या शतकात ख्रिस्ताचे देवत्व निश्चितपणे घोषित करणाऱ्या निसीयाच्या परिषदेनंतर अनेक बिशप डळमळले, तेव्हा सामान्य श्रद्धावंतांनीच ती शिकवण धरून ठेवली, याकडे न्यूमन यांनी १८५९ साली लक्ष वेधले होते. वसईचा इतिहास आपल्या परीने त्याच सत्याची साक्ष देतो.

उपासना हाही वारसा

आजच्या काळात परंपरा व अधिकार यांच्यातील ताण सर्वाधिक जाणवतो तो उपासनेच्या क्षेत्रात. पोप पायस पाचवे यांनी १५७० साली एकरूप केलेली लॅटिन मिस्सा चार शतके चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लॅटिन जपावी असे सांगतानाच लोकभाषांना वाव दिला, १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी नवा विधी जाहीर केला, आणि वसईपासून अहमदनगर भागापर्यंत मिस्सा मराठीत होऊ लागली. जुन्या विधीची ओढ असलेल्यांना २००७ साली पोप बेनेडिक्ट यांनी मोकळीक दिली. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा मर्यादित केली.

परंपरानिष्ठ कॅथोलिकांना या निर्णयाने वेदना झाल्या, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. कारण ज्या प्रार्थनांनी पिढ्या घडवल्या त्या प्रार्थना म्हणजे नुसती शिस्त नव्हे, श्रद्धेचा आशय त्यांच्यात जिरलेला असतो. परंतु हीच निष्ठा त्यांच्यावर एक बंधनही घालते. पोपची सत्ता परंपरेने बांधलेली आहे, असे म्हणणाऱ्याला पोपशी असलेले ऐक्य हाही परंपरेचाच भाग आहे, हे विसरता येत नाही. १९८८ साली जुन्या विधीचे पुरस्कर्ते आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी पोपच्या आज्ञेविरुद्ध चार जणांना बिशपपदाची दीक्षा दिली तेव्हा परंपरेच्या नावाने परंपरेचाच एक धागा तुटला, ही परंपरानिष्ठांच्या चळवळीतील सर्वांत दुःखद घटना होय. आदराने शंका मांडणे, निर्णयाबाबत विनंती करणे आणि तरीही ऐक्य न सोडणे, हा मार्ग कठीण असला तरी तोच कॅथोलिक आहे. मराठी मिस्सेलाही याच कसोटीने पाहिले पाहिजे : ती मराठी आहे म्हणून उणी ठरत नाही, आणि मराठी आहे एवढ्यानेच पुरेशी ठरत नाही. स्टीफन्स यांच्या ओव्यांत जी ठेव उतरली, तीच वेदीवरच्या आजच्या मराठीतही पूर्णपणे उतरली पाहिजे.

नाशिक धर्मप्रांत अजून तरुण आहे आणि खानदेशातील कॅथोलिक समाज लहान आहे. तरी भुसावळसारख्या ठिकाणी रविवारी वेदीसमोर उभे राहून श्रद्धेचा अंगीकार करणारे मोजके लोक जे शब्द उच्चारतात, त्यांच्या आशयाचा गाभा निसीयाच्या परिषदेने ३२५ साली निश्चित केला आणि त्याहून पूर्वी तो प्रेषितांच्या तोंडून ऐकला गेला होता. त्या लोकांपैकी कोणी तो रचलेला नाही, त्यांच्या बिशपनीही नाही आणि पोपनीही नाही. प्रत्येकाने तो कोणाकडून तरी घेतला आहे आणि प्रत्येकाला तो घेतला तसाच पुढच्याच्या हाती द्यायचा आहे. शिकवण्याचा सर्व अधिकार या देण्यासाठी आहे.